सात नंबरची चकती

आमच्या कंपनीत यशाची व्याख्या अशी होती की, शेवटी शेतात काहीही सापडता कामा नये. अशा ठिकाणी नोंदी ठेवण्याचे काम मला मिळाले.

बेळगावच्या एका मराठी दैनिकात मी तीस वर्षे इतरांचा मजकूर तपासला. निवृत्तीनंतर बंगळूरला मुलीकडे आले. कोरमंगलातल्या एका नव्या कंपनीला कन्नड, मराठी आणि इंग्रजी लिहू शकणारे माणूस हवे होते. मुलाखत आठ मिनिटे चालली. त्यातली पाच मिनिटे माझी खुर्ची वर-खाली कशी करायची हे दाखवण्यात गेली. कार्यालयातल्या सर्वांच्या वयांची सरासरी माझ्यामुळे वाढली, असे संस्थापक रोहित याने पहिल्याच बैठकीत हिंदीतून जाहीर केले आणि टाळ्या झाल्या.

कंपनी मातीत ठेवायचे सेन्सर बनवत असे. सेन्सर म्हटले की तारा आणि लुकलुकणारे दिवे डोळ्यांसमोर येतात. आमचा सेन्सर म्हणजे पुरीएवढी करड्या रंगाची चकती. लाकडाच्या लगद्याचा कागद, त्यावर जस्त आणि कोळशाच्या शाईने छापलेली गोल नक्षी, वरून मेणाचा पातळ थर. बॅटरी नाही. चकती वीतभर खोल ठेवायची आणि टोकाला कडे लावलेली एक काठी वरून फिरवायची. काठी हाक मारते, चकती ओ देते. ओ कशी दिली यावरून मुळांपाशी नत्र किती आहे ते मोबाइलवर उमटते. खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश अशी तीन नावे असतात. आमच्या चकतीला त्यातले फक्त नत्र कळत असे. माहितीपत्रकात ‘मातीतील पोषणद्रव्ये’ असे बहुवचन होते. ते एकवचन करावे अशी सूचना मी दोनदा लेखी दिली.

चकतीचा मुख्य गुण पुढे आहे. पीक उभे असेपर्यंत तिने बोलायचे, आणि मग मातीतल्या जिवाणूंनी तिला खाऊन टाकायचे. प्लास्टिकचे सेन्सर वेचून परत कोण आणणार, हा प्रश्न त्यामुळे उरत नाही. एका एकरात असे शेकडो लागले तर नांगराला माती कमी आणि यंत्रे जास्त लागतील.

गिऱ्हाइके सुरुवातीला शहरातलीच होती. हेब्बाळच्या एका गृहस्थांनी गच्चीवरच्या तुळशीच्या कुंडीत चकती ठेवली आणि दर तासाला आकडा कळवू लागले. तुळशीचे नत्र दुपारी घसरते असे त्यांचे निरीक्षण होते. काठी ते दुपारी उलटी धरत, हे तिसऱ्या दिवशी उघड झाले. एका बाईंनी चकतीवरचे मेण कशाचे, असे विचारले. मधमाशीचे, असे उत्तर गेले. मधमाशीची संमती होती का, असा प्रतिप्रश्न आला. त्या ईमेलला उत्तर देण्याचे काम माझ्याकडे होते. ते अजून बाकी आहे.

चकती बनवली ओंकारने. पुण्याचा, वय एकोणतीस. त्याच्या वाक्यात क्रियापद मराठी आणि उरलेले इंग्रजी असे. मला तो ताई म्हणे. कन्नड तो मोबाइलवरून शिकत होता. ‘स्वल्प’, ‘सरी’, ‘बेकु’, ‘बेडा’, म्हणजे थोडे, ठीक, हवे, नको, एवढी पुंजी झाल्यावर त्याला ‘आगत्ते’ हे क्रियापद सापडले. आगत्ते म्हणजे होते, होईल. या एका शब्दावर बंगळूरमध्ये रिक्षा ठरवता येते, गॅस मागवता येतो आणि घरमालकाशी भांडता येते. दुसरे क्रियापद शिकायची गरज त्याला वाटली नाही.

रोहितचे मत प्लास्टिकच्या बाजूने झुकत होते. कागदाची चकती बनवायला वेळ लागतो आणि ती खऱ्या शेतात नाहीशी होते याचा पुरावा कोणी पाहिलेला नव्हता. शेवटी असे ठरले की, एका शेतात बारा चकत्या ठेवायच्या. शंभर दिवसांनी बाहेरचे परीक्षक येऊन खणतील. चकत्या गेलेल्या असल्या तर कागद; सापडल्या तर प्लास्टिक आणि ओंकारची तीन वर्षे बाद. परीक्षकांनी एक अट घातली. मधल्या काळात कंपनीच्या माणसाने शेतात पाऊल टाकायचे नाही. दर शनिवारी काठी फिरवून आकडे पाठवायचे काम शेताच्या मालकांनीच करायचे.

शेत जयम्माचे. इलेक्ट्रॉनिक सिटीचा उड्डाणपूल संपल्यावर आनेकलच्या बाजूला अर्धा एकर. त्यात अवरे, म्हणजे आपल्याकडचे वाल. जयम्मा साठीच्या आसपासची, एकटीच शेत पाहणारी, दहावी शिकलेली. तिच्याशी माझे बोलणे कन्नडमध्ये होई; इथे ते मराठीत देत आहे. माझे बेळगावी कन्नड ऐकून पहिल्या भेटीत ती तोंडाला पदर लावून हसली. नाटकातले पौराणिक पात्र घरी आल्यासारखे वाटते, असे तिने सांगितले.

शेतकऱ्याला द्यायचे सूचनापत्रक मी लिहायचे होते. पहिले वाक्य होते, ‘हे सेन्सर अमुक आहेत.’ या अमुकसाठी कन्नड शब्द शोधण्यात माझा आठवडा गेला. ‘करगुव’ म्हणजे विरघळणारे. ते साखरेला ठीक, मातीतल्या कागदाला नाही. ‘हाळागुव’ हा शब्द एका सहकाऱ्याने सुचवला. हाळु म्हणजे बिघडलेले, वाया गेलेले. दूध हाळु होते, मुलगा हाळु होतो, शहर तर रोजच होते. कोणती कंपनी आपल्या मालाला वाया जाणारा म्हणेल? मी तो शब्द एका रेघेने बाद केला. सरकारी परिभाषेत ‘जैविक विघटनीय’ असा शब्द मिळाला. तो अचूक होता. कोणाला कळणार नव्हता, पण चुकीचा नव्हता.

आठवडा गेल्यामुळे चकत्या ठेवायच्या दिवशी पत्रक तयार नव्हते. ओंकार एकटा गेला आणि त्याने जयम्माला तोंडी समजावले. संध्याकाळी परत आल्यावर त्याने सांगितले की, अक्कांना सगळे कळले, दोनदा विचारून घेतले त्यांनी. पत्रक तीन दिवसांनी टपालाने गेले. नोंदवहीत मी लिहिले: ‘बारा चकत्या ठेवल्या. सूचना दिल्या.’ दोन्ही वाक्ये खरी होती.

पहिले चार शनिवार आकडे व्यवस्थित आले. सहावा आला, आठवा आला. चकत्यांचा आवाज तोवर खाली येऊ लागायला हवा होता. मेण जाणार, कागद भिजणार, नक्षी तुटणार, असे गणित होते. अकरा चकत्या पहिल्या दिवसासारख्या खणखणीत बोलत होत्या. फक्त सात नंबर पाचव्या आठवड्यापासून खाली जात होती.

रोहित खूश झाला. “अरे, ज़्यादा चल रहा है तो प्रॉब्लम क्या है? लॉन्ग लास्टिंग लिख देते हैं,” असे तो म्हणाला. माहितीपत्रकात ‘नाश पावणारे’ आणि ‘टिकाऊ’ ही दोन विशेषणे शेजारी बसवण्यास मला सांगण्यात आले. मी मध्ये स्वल्पविराम दिला.

ओंकारचे जेवण सुटले. आमच्या कार्यालयात जेवणाच्या डब्याचा विषय सार्वजनिक असल्यामुळे हे लगेच सर्वांना कळले. कागद तोच, मेण तेच, प्रयोगशाळेतल्या मातीत नव्वद दिवसांत नाहीसे होणारे. आनेकलला काय झाले?

“ताई, मी तीन वर्षं एक मरणारी गोष्ट बनवतोय,” तो मला म्हणाला, “आणि ती मरतच नाहीये.”

मी त्याला सात नंबरची आठवण करून दिली. तिचा विचार करू नका, असे तो म्हणाला. अकरा एकीकडे आणि एक दुसरीकडे असेल तर त्या एकीतच खोट असते, ठेवताना मेणाला ओरखडा गेला असेल. इंजिनिअरची ही पद्धत मला पटली, कारण वर्तमानपत्रातही तीच असते. सगळे वार्ताहर एक सांगत असतील आणि एकच जण वेगळे सांगत असेल, तर त्याची बातमी बाजूला ठेवतात. अकराव्या शनिवारी सात नंबर गप्प झाली. मी नोंदवहीत लाल शाईने लिहिले: ‘क्रमांक सात नादुरुस्त. चाचणीतून वगळली.’

शंभरावा दिवस आला. परीक्षक सत्तरीला आलेले मृदाशास्त्रज्ञ होते. स्वतःचे खुरपे आणि स्वतःची चाळणी घेऊन आले. इतरांच्या चाळणीवर त्यांचा विश्वास नव्हता. रोहित गाडीत प्लास्टिकच्या सेन्सरचा नमुना ठेवून आला होता. ओंकारने दाढी केली होती. एवढ्यावरून दोघांचे अंदाज कळत होते.

प्रत्येक जागी आकड्याची खुंटी होती. परीक्षक पहिल्या खुंटीपाशी बसले, वीतभर खणले, मग आणखी वीतभर. माती चाळली. काही नाही. दुसरी खुंटी. काही नाही. पाचव्या खुंटीला ओंकार त्यांच्या शेजारी उकिडवा बसला. नवव्या खुंटीपर्यंत तो मातीत मांडी घालून बसला होता. सात वगळून बाराव्यापर्यंत अकरा खड्डे झाले आणि कागदाचा कपटाही निघाला नाही.

परीक्षकांनी चष्मा पुसला. गेल्या शनिवारी याच अकरांनी ठणठणीत आकडे दिले आणि आज त्यांचा माग नाही, असे कधी पाहिले नसल्याचे ते म्हणाले. नाहीसे व्हायला तरी काही वेळ लागतो. रोहितने हे कौतुक समजून त्यांचे आभार मानले. ओंकार पुन्हा पहिल्या खड्ड्याकडे गेला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद आणि शंका आळीपाळीने येत होती.

इतका वेळ जयम्मा घरात ताक करत होती. ती पेले घेऊन आली, खड्डे पाहिले आणि जागीच थांबली.

“काय शोधताय?” तिने मला विचारले.

चकत्या, मी म्हणाले.

“मग मला विचारायचं नाही का? सगळं शेत उकरलंत.”

ती आत गेली आणि स्टीलचा डबा घेऊन आली. झाकण उघडले. वर कडुलिंबाची वाळलेली पाने, त्याखाली जुन्या सुती साडीचा तुकडा, आणि त्यात एकावर एक रचलेल्या अकरा चकत्या. धुतलेल्या, पुसलेल्या, सावलीत वाळवलेल्या. त्यांच्या खाली घडी घालून माझे सूचनापत्रक.

“यातली एकही हाळु होऊ दिली नाही,” जयम्मा म्हणाली.

वाऱ्याने अवरेचे वेल हलत होते. दुसरे काही हलत नव्हते.

मग मी तिला सुरुवातीपासून विचारले. वार्ताहर विचारतो त्या क्रमाने: कोणी सांगितले, काय सांगितले, केव्हा. तिचे उत्तर स्पष्ट होते. ओंकारप्पाने पहिल्याच दिवशी हात जोडून सांगितले होते की, मातीत हे हाळु होतात. तिला नवल वाटले की, मातीत हाळु होणारी वस्तू मातीत ठेवायला का दिली असेल. पण मोठ्या कंपन्यांचे असेच असते. तिने दोनदा विचारून घेतले. त्याने दोन्ही वेळा तेच सांगितले.

ओंकारकडे सर्वांनी पाहिले. तो आठवू लागला. हळूहळू नाहीसे होते, असे सांगायचे होते. हळूहळूला कन्नड शब्द त्या क्षणी सुचेना. म्हणून त्याने मराठी शब्द ठेवला आणि पुढे आपले नेहमीचे क्रियापद लावले: “अक्का, इदु मण्णल्ली हळूहळू आगत्ते.”

मण्णु म्हणजे माती. शेजारी पंप चालू होता. जयम्माच्या कानात गेले ते ‘हाळु आगत्ते’.

त्यानंतर तिने जे केले त्याची कल्पना प्रयोगशाळेत कोणी केली नसती. चकत्या दुसऱ्याच दिवशी बाहेर काढल्या, धुतल्या, डब्यात ठेवल्या. पण शनिवारी आकडे जागेवरूनच घ्यायचे, हेही तिला सांगितलेले होते. म्हणून दर शुक्रवारी संध्याकाळी ती एकेक चकती तिच्या तिच्या खुंटीपाशी वीतभर खोल ठेवी. शनिवारी सकाळी काठी फिरवी, मग पुन्हा काढून, धुऊन, वाळवून डब्यात. शुक्रवारी सासरी, शनिवारी माहेरी, असे तिनेच वर्णन केले. चौदा आठवडे हे चालले होते. गुडघे दुखत असतानाही चालले होते. जिवाणू आणि चकत्या यांची गाठ तिने कटाक्षाने पडू दिली नव्हती.

पत्रक वाचले नाही का, असे मी विचारले. वाचले, ती म्हणाली. दोनदा वाचले. ‘हे सेन्सर जैविक विघटनीय आहेत.’

“मला वाटलं, ते बनवणाऱ्याचं आडनाव असेल.”

चकत्या बाहेर काढू नयेत असे पत्रकात कुठेही नव्हते. कोणी काढील असे मला वाटलेच नव्हते. मजकूर अचूक असला की काम झाले, या समजुतीवर मी तीस वर्षे पगार घेतला. त्या समजुतीची चाचणी आनेकलला झाली आणि ती सापडली नाही.

रोहित इंग्रजीत कोणाला तरी फोन लावू लागला. प्लास्टिकचा नमुना गाडीतून आणू का, असे ड्रायव्हर विचारून गेला. ओंकार खड्ड्याच्या काठावर बसून राहिला होता. परीक्षक मात्र डब्यातल्या चकत्या मोजत होते.

“अकराच आहेत,” ते म्हणाले. “सातवी?”

जयम्माची मान खाली गेली. एवढा वेळ ती अभिमानाने उभी होती. आता पदराचे टोक बोटाला गुंडाळू लागली. सातवी तिला सांभाळता आली नाही, असे तिने कबूल केले. पहिल्याच रात्री पाऊस झाला आणि सात नंबरच्या खुंटीशेजारी लहानसे वारूळ वर आले. सकाळी तिने पाहिले आणि हळद-कुंकू वाहिले. नागप्पाच्या जागेपाशी खुरपे लावायचे नसते. चकती तिथेच राहिली.

“दर शनिवारी लांबूनच काठी फिरवायचे,” ती म्हणाली. “आधी नीट बोलायची. मग दमली. मग बोलेना. डोळ्यांदेखत हाळु झाली, मेडम. सांगायची लाज वाटली.”

ओंकार उठला. त्याने माझ्या हातातली नोंदवही जवळजवळ हिसकावली आणि सात नंबरचे पान काढले. पाचव्या आठवड्यापासून थोडे कमी, सहाव्याला आणखी थोडे, अकराव्याला शून्य. त्याने तीन वर्षांपूर्वी कागदावर काढलेली रेघ तशीच्या तशी उतरत गेली होती. त्यावर लाल शाईने माझे अक्षर: नादुरुस्त.

बारांपैकी एकच चकती ठरल्याप्रमाणे वागली होती. तिलाच आम्ही वगळले होते.

सात नंबरपाशी खणायला हवे होते. परीक्षक खुंटीजवळ गेले, वारूळ पाहिले, आणि मागे येऊन पायातली चप्पल काढली. मग जयम्माकडे पाहिले. तिने आतून दूध आणून वारुळाशी ठेवले, हात जोडले, आणि खुंटीच्या अलीकडच्या बाजूने चालेल, असे सांगितले. मृदाशास्त्रात पन्नास वर्षे घालवलेला माणूस अनवाणी गुडघ्यावर बसला आणि मुलाचे जावळ काढावे तशी माती काढू लागला. वीतभर. आणखी वीतभर. चाळणीत खडे राहिले, मुळांचे तंतू राहिले, आणि नखाएवढा मेणाचा एक कण. बाकी काही नाही.

रोहितने फोन ठेवला.

जिवाणूंनी खाल्ली की वाळवीने, असे त्याने विचारले. प्रश्न रास्त होता आणि त्या दिवसातला त्याचा पहिलाच होता. परीक्षकांनी नोंदवहीतली उतरती ओळ बोटाने दाखवली.

“वाळवी इतकं सावकाश जेवत नाही,” ते म्हणाले.

निष्कर्ष त्यांनी तिथेच सांगितला. एका चकतीवरून काही सिद्ध होत नाही. पण एक चकती अशी वागली असताना काम बंद करा, असेही ते लिहू शकत नाहीत. पुन्हा बारा चकत्या, पुन्हा शंभर दिवस, तेच शेत. रोहितला मान्य करावे लागले. ओंकारने त्या दिवशी जयम्माकडे रागीचे तीन मुद्दे, म्हणजे नाचणीचे उकडलेले गोळे, खाल्ले. रागीचा मुद्दे चावायचा नसतो, गिळायचा असतो, हे त्याला दुसऱ्यानंतर कळले.

निघताना मी जयम्माला पुढच्या वेळचे समजावले. या वेळी काढायच्या नाहीत. धुवायच्या नाहीत. मातीत हाळु होऊ द्यायच्या.

“सांभाळायच्या नाहीत?”

नाही, मी म्हणाले.

“मग मला कशाला ठेवलंत?”

फक्त बघायला, असे मी म्हणाले. तिला ते काम सांभाळण्यापेक्षा अवघड वाटले. मला आता तसेच वाटते. अकरा जुन्या चकत्या ओंकारने मागून घेतल्या. डबा तिने रिकामा ठेवला नाही, अवरे भरून दिला.

नवे पत्रक मी घरी पोहोचायची वाट न पाहता गाडीतच, उड्डाणपूल लागायच्या आधी लिहिले. पाच शब्दांचे झाले. ‘मातीत हाळु होतात. होऊ द्या.’ बाद केलेला शब्द परत घेण्याची माझ्या नोकरीतली ही एकमेव वेळ. कंपनीने आपल्या मालाला वाया जाणारा म्हणावे का, यावर बैठक झाली. ओंकारने ‘आगत्ते’ म्हटले आणि ती संपली.

दुसऱ्या खेपेला जयम्मा आकडे मोबाइलवर पाठवी आणि वर मला फोनही करी. आकडे यंत्राला कळतात, हाल मला कळावे म्हणून. चार नंबर आज जरा दमलीय. नऊ नंबर अजून धडधाकट. दोन नंबरचा आवाज बसला. इस्पितळात नातेवाईक असल्यासारखी ती बातमी देई आणि मी ती नोंदवहीत लिहून घेई. एका शनिवारी तिने खुरपे हातात घेतले होते आणि परत ठेवले, हेही तिने स्वतःहून सांगितले. ओंकार मधून मधून तिच्याशी बोले. आता त्याच्याकडे तीन क्रियापदे होती.

तेराव्या शनिवारी फोन आला. मागे पंप चालू होता. बारावीही आज बोलली नाही, ती म्हणाली.

“सगळ्या हाळु झाल्या तर,” मी म्हणाले.

पंपाचा आवाज मागे पडला. मग ओंकारचा शब्द तिने त्याच्यासारखाच, मराठीत म्हटला.

“हाळु नाही, मेडम. हळू. हळूहळू गेल्या.”